घरी ‘सपर क्लब’ कसा सुरू करावा : खानदेशी भरीत-भाकरीच्या पंगतीची आखणी

आठ-दहा पाहुण्यांना, त्यांतल्या बहुतेकांची आपली आधीची ओळख नसताना, ठरावीक शुल्क घेऊन आपल्याच घरी, आपल्याच हातचे जेवू घालणे याला आता सर्वत्र ‘सपर क्लब’ म्हणतात. मुंबईत २०१४ साली मुनाफ कपाडिया यांनी कुलाब्यातल्या आपल्या घरी, आईच्या हातच्या बोहरी जेवणासाठी, एका थाळाभोवती पाहुण्यांना बसवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून आपल्याकडे या प्रकाराकडे अनेकांचे लक्ष गेले. खानावळ आणि पंगत या दोन्ही गोष्टी मराठी माणसाला नव्या नाहीत. इथे नवे आहे ते एवढेच, की प्रत्येक संध्याकाळ एका विषयाला बांधलेली असते आणि पाहुणा त्या विषयासाठी येतो.

मी मूळची जळगाव जिल्ह्यातली. पुण्यातल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच जागेत गेली काही वर्षे हिवाळ्यात भरीत-भाकरीच्या संध्याकाळी करते. त्या अनुभवावरून, पहिल्यांदाच असे काही करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख लिहीत आहे. उदाहरण खानदेशचे असले तरी आखणीची रीत मालवणी, वऱ्हाडी, सारस्वत किंवा सीकेपी जेवणालाही तशीच लागू पडते.

विषय हाताला ठाऊक असलेला निवडावा

विषय म्हणजे सजावट नव्हे. भिंतीला गोधडी टांगली, कोपऱ्यात कंदील ठेवला आणि ताटात मात्र कुठल्याही हॉटेलात मिळेल अशी भाजी वाढली, तर पाहुण्याला पहिल्या घासालाच ते कळते. जो पदार्थ आपण पुस्तकात न पाहता, प्रमाण न मोजता, केवळ हाताच्या सवयीने करू शकतो, तोच पहिल्या पंगतीचा विषय असावा. त्यातही विषय शक्य तितका नेमका असावा. ‘महाराष्ट्रीय जेवण’ हा विषय होत नाही. ‘मार्गशीर्षातले खानदेशी भरीत’ हा होतो, कारण त्यात ऋतू आहे, प्रदेश आहे आणि मध्यभागी ठेवता येईल असा एक पदार्थ आहे.

हा मधला पदार्थ एकच असू द्यावा. नवख्या यजमानाला वाटते की पैसे घेतले आहेत म्हणजे पंधरा पदार्थ हवेतच. माझे मत अगदी उलट आहे. भरीत हा नायक ठरला की बाकी सगळे त्याच्या सोबतीला: कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, शेवभाजी, मिरचीचा ठेचा, पातीचा कांदा, दही, शेवटी थोडी तुरीच्या डाळीची खिचडी आणि गोडाला केळ्याचे शिकरण. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोन्हींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे जेवणाचा आरंभ आणि शेवट एकाच मातीतला होतो, आणि हे पाहुण्यांना सांगितले की शिकरणाच्या साध्या वाटीकडेही ते वेगळ्या नजरेने पाहतात.

तारीख ठरवताना पंचांग जवळ ठेवावे

भरिताची वांगी खऱ्या चवीची मिळतात ती थंडीत. शिवाय आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असते, आणि कित्येक जण चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगे तोंडात घालत नाहीत. त्यामुळे माझी पहिली पंगत चंपाषष्ठीनंतरच्या शनिवारी असते आणि शेवटची जानेवारी अखेरीस. एकादशी टाळावी हे उघडच आहे. संकष्टीही टाळावी, कारण उपास करणारा पाहुणा चंद्रोदयापर्यंत ताटावर बसणार नाही आणि एकासाठी सगळी पंगत खोळंबेल. मार्गशीर्षातले गुरुवार तर बायकांच्या उपासाचे. शनिवारची संध्याकाळ सर्वांत सोयीची, कारण दुसऱ्या दिवशी आपल्यालाही आवराआवरीला वेळ मिळतो.

परवानग्या आणि शेजारधर्म

पैसे घेऊन अन्न देणे हा व्यवसाय आहे, मग तो महिन्यातून एकदाच का असेना. त्यासाठी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ अन्वये एफएसएसएआयकडे (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाकडे) नोंदणी करावी लागते. छोट्या घरगुती व्यवसायासाठी ‘बेसिक रजिस्ट्रेशन’ हा प्रकार आहे आणि अर्ज ‘फॉस्कॉस’ या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा. उलाढालीची मर्यादा आणि शुल्क अर्ज भरण्याच्या दिवशी तिथेच पाहून घ्यावे. नोंदणी झाली की चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो निमंत्रणाच्या मजकुरात लिहावा, त्यामुळे अनोळखी पाहुण्याचा विश्वास बसतो.

घरगुती वापराचा १४.२ किलोचा गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पंगती नियमित करायच्या असतील तर १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची सोय करावी. मद्याच्या बाबतीत माझा सल्ला स्पष्ट आहे: परवान्याशिवाय ते देऊ नये आणि पाहुण्यांनी बरोबर आणलेलेही मांडू नये. भरिताबरोबर ताक उत्तम लागते.

सोसायटीच्या सचिवांना आधी जाऊन भेटावे आणि लेखी कळवावे. किती माणसे येतील, गाड्या कुठे लागतील, रात्री किती वाजता सगळे आटोपेल, एवढे तीनच मुद्दे त्यांना हवे असतात. भाड्याचे घर असेल तर मालकांची संमती घ्यावी. आणि शेजाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या खिडकीशी आपला एक्झॉस्ट फॅन वारा सोडतो त्यांना, वांगी भाजण्याच्या दिवशी आगाऊ सांगावे व संध्याकाळी एक डबा भरीत पाठवावे.

पाहुणे किती आणि कोण

पहिल्यांदा आठ, फार तर दहा. त्याहून जास्त पाहुणे घेतले की गप्पांचे दोन-तीन गट पडतात आणि यजमान केवळ वाढपी होऊन राहतो. त्याआधी एक रंगीत तालीम मात्र हवीच: नातलग किंवा स्नेह्यांपैकी आठ जणांना बोलवावे, पैसे घेऊ नयेत, पण बाकी सगळे, वेळेसकट, खऱ्या पंगतीसारखेच करावे. मामेबहिणीला “कसं झालंय?” असे विचारले तर ती “छान” म्हणणारच, तिला “दुसरी भाकरी यायला किती वेळ लागला?” असे विचारावे.

नाव नोंदवताना प्रत्येकाकडून पूर्ण नाव, फोन क्रमांक आणि संपूर्ण शुल्क आगाऊ घ्यावे. पत्ता पैसे जमा झाल्यावरच कळवावा. त्याच वेळी तीन प्रश्न लेखी विचारावेत: काही वर्ज्य आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, खाली बसता येते का. दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मला एका पाहुणीमुळे कळले. भरिताचा पहिला घास उचलता उचलता तिने सहज विचारले, “यात शेंगदाणे नाहीत ना?” होते. भरितात होते, ठेच्यात होते. तिच्यासाठी घाईने वेगळे काही करावे लागले आणि तिला ज्यासाठी बोलावले होते ते मिळाले नाही. तेव्हापासून निमंत्रणातच लिहिते की खानदेशी जेवणात शेंगदाणा असतोच, आणि आधी कळवल्यास त्या पाहुण्यासाठी भरीत वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने करते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने, पंगतीच्या वेळी घरात आपल्याव्यतिरिक्त किमान एक आपले माणूस असावे. ज्या खोल्या लागणार नाहीत त्या बंद ठेवाव्यात.

जे थांबू शकत नाही, तिथून उलटे मोजत यावे

सगळ्या आखणीत हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक जेवणात एक पदार्थ असा असतो की जो आधी करून ठेवता येत नाही. मालवणी जेवणात तळलेली मासळी, आपल्या उदाहरणात भाकरी. सगळे वेळापत्रक त्या पदार्थापासून मागे मोजत यावे लागते.

माझ्या पहिल्या पंगतीला भरीत अप्रतिम जमले होते आणि तरीही संध्याकाळ विस्कटली, कारण मी भाकऱ्यांचे गणित केलेच नव्हते. एका हाताने, एका तव्यावर, पीठ मळण्यापासून भाकरी फुगून उतरेपर्यंत धरले तर एका भाकरीला सरासरी तीन मिनिटे लागतात. दहा पाहुण्यांना प्रत्येकी दोन म्हणजे वीस भाकऱ्या, म्हणजे पूर्ण एक तास. मी पाहुणे ताटावर बसल्यावर तवा ठेवला होता. पहिल्या पाहुण्याची भाकरी संपली तेव्हा सातव्या पाहुण्याच्या ताटात काहीच नव्हते आणि भरीत निवून गेले होते.

यावर उपाय दोन. पहिला, भाकरी थापायला सराईत हाताची मदतनीस ठेवणे आणि दोन तवे लावणे. म्हणजे एकावर भाकरी असताना दुसऱ्यावर थापलेली पडते आणि वेळ जवळपास निम्मा होतो. दुसरा उपाय खर्चाचा नाही, पण तोच अधिक उपयोगी पडतो: पहिल्या फेरीत प्रत्येकाला अर्धीच भाकरी वाढावी. दहा जणांना पाच भाकऱ्या पुरतात, त्या सुती पंच्यात गुंडाळून डब्यात दहा मिनिटे मऊ आणि गरम राहतात, त्यामुळे सगळे एकदम जेवायला सुरुवात करतात आणि पुढच्या अर्ध्या-अर्ध्या भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात येत राहतात. अर्धी भाकरी ही कंजूषी वाटेल अशी भीती असते. पण तव्यावरची गरम अर्धी चार वेळा मिळाली की कोणाच्या मनात तसे येत नाही.

कळण्याचे पीठ ज्वारी आणि अख्खे उडीद चारास एक या प्रमाणात, थोडे मीठ घालून, गिरणीतून दळून आणावे. दहा जणांसाठी अडीच किलो पीठ पुरते आणि थोडे उरते. दळण आठवड्याच्या आत वापरावे, कारण जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते.

आता उलटे मोजू. पाहुणे सात वाजता, ताटे पावणेआठला, म्हणून तवे साडेसातला. पावणेआठपर्यंतच्या वेळात पाहुण्यांच्या हाती भाजलेले ज्वारीचे बिबडे (पापड), शेंगदाणे आणि ताक द्यावे. शेवभाजीचा रस्सा साडेसहाला तयार असावा. शेव मात्र वाढण्याच्या क्षणीच घालावी, नाहीतर तिचा लगदा होतो. भरीत साडेपाचला ठेचायला घ्यावे आणि वांगी चार वाजता भाजायला. ठेचा आणि काळा मसाला आदल्या दिवशी करून ठेवावा. भाजी-किराणा दोन दिवस आधी आणावा. केळी मात्र चार दिवस आधी, किंचित हिरवी घ्यावीत, म्हणजे शनिवारी नेमकी पिकतात. शिकरण पाहुणे जेवत असताना कालवावे, आधी केले की काळे पडते.

भरिताजवळ थोडे थांबू

भरिताची वांगी फिकट हिरवी, मोठी, हाताला हलकी आणि टवटवीत देठाची घ्यावीत. आकाराच्या मानाने जड लागणारे वांगे बियांनी भरलेले असते. दहा जणांना तीन किलो वांगी लागतात, कारण भाजून-सोलून वजन बरेच घटते आणि भरीत दुसऱ्यांदा सगळेच मागतात. गावाकडे ती शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि तो धूरकट वास हाच भरिताचा जीव असतो. शहरात सोसायटीने परवानगी दिली तर गच्चीवर कोळशाच्या शेगडीवर भाजावीत; नाहीतर गॅसवर जाळी ठेवून, एकेका वांग्याला बारा ते पंधरा मिनिटे, चारी बाजूंनी फिरवत. त्याआधी सुरीच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी टोचावे, नाहीतर वांगे फुटते.

भाजलेली वांगी झाकून ठेवावीत, वाफेने साल सुटते. सोलताना पाण्याखाली धरू नयेत. बोटे पाण्यात बुडवून साल काढावी, काळे कण थोडे राहिले तरी चालतात. मग लाकडी भांड्यात लाकडी दांड्यानेच ठेचावे. मिक्सरमधून काढलेले भरीत चिकट होते आणि त्याचे तंतू जातात, ते जिभेवर यायला हवेत. हिरव्या लवंगी मिरच्या आणि लसूण तेलावर परतून ठेचून घालावे, वरून पातीचा कांदा, कोथिंबीर, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप घातलेली फोडणी. तिखट कमी खाणाऱ्यांसाठी भरिताचा एक भाग मिरची घालण्याआधीच बाजूला काढावा, कारण एकदा तिखट झालेले भरीत दह्याने सौम्य होत नाही.

मी एक न भाजलेले वांगे ताटलीत ठेवून पाहुण्यांमधून फिरवते. बहुतेकांनी जांभळ्या वांग्याचेच भरीत खाल्लेले असते. त्या हिरव्या वांग्यावर हात फिरवताना जी बोलणी सुरू होतात, ती संध्याकाळभर पुरतात, म्हणून यजमानाने भाषण करू नये. विषयाबद्दल तीन-चार मिनिटे बोलावे, तेही बिबडे खाताना. ताट समोर आल्यावर नाही.

मांडणी आणि वाढणे

खाली पाट आणि केळीची पाने ही उत्तम पंगत, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल-खुर्चीची सोय असलीच पाहिजे आणि ती कोपऱ्यात न टाकता पंगतीला लागूनच असावी. पानाची डावी-उजवी बाजू सांभाळावी: मीठ, लिंबू, ठेचा, दही आणि कांदा डावीकडे, भरीत आणि शेवभाजी उजवीकडे. शेवभाजी पानावर वाहते, तिला वाटी द्यावी. भाकरी मोडून हातानेच खायची असल्याने हात धुण्याची जागा, साबण आणि कोरडे पंचे पाहुणे येण्याआधी दाखवता येतील असे ठेवावेत.

आग्रह हा आपल्या पंगतीचा गुण खरा, पण पैसे दिलेल्या अनोळखी पाहुण्याला “अजून घ्याच” असे तीनदा म्हटले की तो अवघडतो. एकदा विचारावे, आणि पुढे भांडे घेऊन नुसते समोरून जावे. हवे असेल तो हात पुढे करतो.

स्वच्छतेबाबत दोन आकडे पाठ असावेत: गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवावेत, कारण मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भरीत साडेसहाला तयार झाले तर वाढण्याआधी ते लोखंडी कढईत पुन्हा वाफाळते करावे, आणि शिजलेले कोणतेही अन्न दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवू नये. दही आणि शिकरणाचे दूध शेवटच्या क्षणापर्यंत फ्रीजमध्ये. पिण्याचे पाणी गाळलेलेच.

शुल्क कसे ठरवावे

उदाहरणादाखल दहा जणांच्या शाकाहारी पंगतीचा हिशेब मांडते. भाजी आणि किराणा २,८०० रुपये, दोन मदतनिसांची मजुरी २,००० रुपये, गॅस, पाने, पाणी आणि स्वच्छतेचे सामान मिळून १,००० रुपये. एकूण ५,८०० रुपये. हा सगळा खर्च पाहुणे येण्याआधीच होऊन जातो, म्हणून दोन जागा भरल्याच नाहीत तरी तो फारसा कमी होत नाही. माणशी १,००० रुपये ठेवले तर आठ पाहुण्यांत २,२०० आणि दहांत ४,२०० रुपये हाती उरतात. त्यात आपले बाजार, तयारी, स्वयंपाक आणि आवराआवर मिळून सोळा-सतरा तास जातात, हे डोळ्यांसमोर ठेवूनच आकडा ठरवावा. ओळखीच्यांना सवलत द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावू नये. स्नेह्यांना जेवायला बोलवायचे असेल तर वेगळ्या दिवशी, आपल्या खर्चाने बोलवावे.

रद्द करण्याचा नियमही आधीच सांगावा. तीन दिवस आधी कळवल्यास पूर्ण पैसे परत, त्यानंतर परतावा नाही, मात्र आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येईल, हा नियम मला दोन्ही बाजूंना न्याय्य वाटतो. आपल्यालाच पंगत रद्द करावी लागली तर त्याच दिवशी पूर्ण रक्कम परत करावी.

पाहुणे गेल्यानंतर

दहाच्या सुमारास पंगत आटोपावी. मदतनिसांना त्यांचे पैसे आणि गरम जेवण त्या घरी जाण्याआधीच द्यावे. उरलेले भरीत दुसऱ्या दिवशी घरी चालते, पाहुण्यांना बांधून देऊ नये. घरी जाईपर्यंत ते किती वेळ गाडीत राहील यावर आपला ताबा नसतो.

आणि झोपण्याआधी वही उघडावी. किती वांगी आणली, किती भरीत उरले, पहिली भाकरी किती वाजता ताटात पडली, ठेचा कोणी बाजूला सारला, खिचडीला किती जणांनी हात लावला, हे त्याच रात्री लिहावे, सकाळपर्यंत निम्मे विसरते. माझ्या वहीत गेल्या हिवाळ्यातल्या चार पंगतींची सरासरी माणशी पावणेदोन भाकऱ्या निघाली आहे; यंदा पीठ त्याच आकड्यावरून दळून आणणार आहे.